आत्यांची गुटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर बावीस वर्षं संसार केला त्या माझ्या नवऱ्याला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ऐकता ऐकता उठून जाणार नाही, असं वाटतं — म्हणूनही असेल. मनातल्या मनात मी पुष्कळदा सुरुवात केलीय. आणि दर वेळी दुसऱ्याच्या चुकीपासून केलीय. आजही तसंच होणार बघा. आधी त्यांचं सांगेन, मग माझं.

तर आत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं बऱ्याच घरांत सासूला आत्याच म्हणतात. मुरगूडच्या. सासरे गेल्यावर थोरल्याकडं न राहता धाकट्याकडं, आमच्याकडं आल्या, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत. उंच, काटक बाई. आवाज असा की दारात बसल्या बसल्या बोळाच्या टोकाचा भाजीवाला थांबवतील. माझे मालक, म्हणजे हे, छापखान्यात टाईप जुळवायचे आणि मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. उज्ज्वला झाली, रजा संपली, मी शाळेत रुजू झाले. पोरीला आत्यांनी सांभाळलं. हौसेनं सांभाळलं. हे आज म्हणते. तेव्हा म्हटलं नव्हतं.

उजू दोन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर मान वळवायची नाही. मी शाळेतून आले तरी माझ्याकडं नव्हे, माझ्या पिशवीच्या कडीकडं बघायची. पण आतल्या खोलीत आत्यांनी सूप हातात घेतलं, जोंधळे पाखडायला लागल्या, की कुठं असेल तिथून धावत यायची आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. हसायची. जोंधळे वर उडून सुपात पडतात ना, त्या आवाजाला हसायची. चिंचोके एका ओळीत मांडायची. ओळीतला एक कुणी उचलला की जमिनीवर डोकं आपटायची.

आम्ही काय काय केलं सांगू? एका डॉक्टरांनी जीभ खाली चिकटलीय म्हणून जिभेखालची शीर कापली. ह्यांनी पाय धरले, मी डोकं धरलं. आठ दिवस पोर नुसत्या दुधावर. बोलली नाही. मिरजेला मोठ्या दवाखान्यात कान तपासले. कान उत्तम. मग जोतिबाला, मग कुणी सांगितलं म्हणून शिरोळकडच्या एका जाणत्याकडं, त्यानं ताईत दिला. आणि मग आपल्याच गावातले एक मुलांचे डॉक्टर, ज्यांच्याकडं नंबर लागायला महिना लागायचा.

त्या दिवशी हे छापखान्यात होते. आत्या आणि मी गेलो होतो. डॉक्टरांनी उजूकडं दोन मिनिटं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, “आई नोकरी करते?”

मी म्हटलं, “हो. शाळेत आहे.”

“मग पोरगी बोलणार कुणाशी? आईचा सहवासच नाही. घरी बसा बाई.”

झालं. एवढंच. आत्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण पदर नीट केला. असा नीट केला, जणू निकाल त्यांच्या बाजूनं लागलाय.

त्यानंतर ते वाक्य आत्यांनी बोळभर वाटलं. नळावर, हळदीकुंकवाला, दळणाच्या रांगेत. “डागदरच म्हनला की. आई साळंत, पोरगी घरात. मानसाचं बोलनं तिला कळनार कुठनं?” आणि त्यात भर. मला दिवस गेले होते तेव्हा ग्रहण होतं, आणि त्या दिवशी मी शाळेत गॅदरिंगसाठी कागदाची फुलं कापत होते. “गिराणात कात्री चालवली हिनं. सांगून सांगून थकलो मी.” माझ्या तोंडावर सांगायच्या. दहा बायकांत. वाईटपणानं सांगत होत्या का? आज मला वाटतं, नाही. त्यांना कारण हवं होतं, मलाही हवं होतं. त्यांना माझ्या रूपानं सापडलं होतं, एवढंच. पण तेव्हा — तेव्हा मला फक्त बायकांचे चेहरे दिसायचे. कीव. आणि कीवेच्या खाली बरं वाटणं, की आपण तशा नाही.

मी राजीनामा दिला. ह्यांनी दे म्हटलं नव्हतं, देऊ नको असंही म्हटलं नव्हतं. तुम्हाला वाटत असेल, नोकरीचं काय एवढं? पण सातवी-आठवीच्या पन्नास मुली मला “बाई” म्हणून हाक मारायच्या हो. घरात मला हाक मारणारी एक मुलगी होती आणि ती हाक मारत नव्हती. तीन वर्षं मी घरात बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजूशी बोलले. वस्तू दाखवून बोलले, गाऊन बोलले, घसा बसेपर्यंत बोलले. ती बोलली नाही. तरी आत्यांनी आपलं वाक्य मागं घेतलं नाही. आता त्या म्हणायच्या, “व्हायचं ते हून गेलं की. आता बसून काय उपेग?”

तेव्हापासून मी वाट बघत होते. कशाची ते मला माहीत नव्हतं. पण पोळी लाटताना, कपडे पिळताना, मी मनात त्यांना उत्तरं द्यायचे. मोठ्यानं, सगळ्या बायकांसमोर. आणि उत्तर दिल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल, ते बघत बसायचे. कित्येकदा तर पोळी करपायची.

मग आमच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंनी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. बहात्तरचा दुष्काळ सरला होता. उजू सात वर्षांची. ह्यांनी रजा काढली आणि आम्ही तिघं गेलो. आत्यांनी उजूसाठी दशम्या बांधून दिल्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नसे.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, मराठी होत्या. त्यांनी एक तास पाहिलं. जमिनीवर बसून पाहिलं. पुढं उजू पंख्याच्या आवाजानं बिथरली, कानावर हात ठेवून किंचाळायला लागली, म्हणून हे तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. आत राहिले मी एकटी.

आता जे सांगते ते फक्त मलाच माहीत आहे. त्या बाई नंतर चार-पाच वर्षांत गेल्या असं कळलं.

त्या म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. म्हणाल्या, हे जन्मापासूनचं असतं. मी विचारलं, माझ्या नोकरीमुळं? त्या म्हणाल्या, “नाही. पूर्वी आम्ही डॉक्टरच आईला दोष द्यायचो. मी देत नाही. तुमच्यामुळं काही झालेलं नाही.” मी रडायला हवं होतं ना? तीन वर्षं त्या वाक्यासाठी जीव टाकला होता. मी रडले नाही. मी पुढचं विचारलं. मी विचारलं, “आणि सासूबाईंमुळं? तिला वर्षभर बाळगुटीत अफू उगाळून द्यायच्या. शांत झोपावी म्हणून.”

बाईंनी कपाळाला आठी घातली. म्हणाल्या, “अफू देऊ नये. फार वाईट सवय आहे ती, कधीतरी मूल दगावतं. पण हे त्यामुळं झालेलं नाही. सासूबाईंना दोष देऊ नका.” आणि मग विचारलं, घरात ही कुणाच्या जवळ जाते? मी सांगितलं. सूप, पाठ, दशम्या, सगळं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “मग तुमचं निम्मं काम झालंय. आजीला सांगा, पाखडताना एकच शब्द बोलत जा. रोज तोच. मुलगी हसायची थांबली की आजीनं थांबायचं, तिनं आवाज काढला की पुन्हा पाखडायचं. आजी सोडू नका. आत्ता तरी तिच्याकडं हेच औषध आहे आणि माझ्याकडं याहून मोठं नाही.”

कागदावर त्यांनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. ह्यांना इंग्रजी अक्षरं उलटी-सुलटी कशीही वाचता यायची, छापखान्यातला माणूस, पण अर्थ लागायचा नाही. त्यांनी व्हरांड्यात विचारलं, “काय म्हणाल्या?” मी म्हटलं, “घरी गेल्यावर सांगते.”

का असं म्हटलं? तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. परतीच्या गाडीत उजू ह्यांच्या मांडीवर झोपली होती, बाहेर उजाडलं होतं, मिरज मागं पडली. आणि मला एकदम दिसलं की उत्तर माझ्या हातात आलंय. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते. त्यात खोटं ते किती, एक वाक्य फिरवायचं. “त्यामुळं झालेलं नाही” मधलं “नाही” तेवढं काढायचं. कोल्हापूर येईपर्यंत मी ते तोंडात घोळवत होते. आणि खरं सांगू? मला आनंद होत होता. बऱ्याच वर्षांनी.

आत्या दारातच होत्या. शेजारच्या पवारकाकी आणि समोरची शकू पण आल्या, मुंबईला काय झालं ते ऐकायला. मी त्यांना जायला सांगू शकले असते. मी चहा टाकला. त्यांना बसवलं. सगळ्यांच्या हातात कप आल्यावर मी सांगितलं.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे गुटीतल्या अफूमुळं झालंय. लहानपणी रोज अफू पोटात गेली, मेंदू झोपून गेला. आता तो जागा व्हायचा नाही.”

ह्यांनी कप खाली ठेवला आणि ते आईकडं बघायला लागले. आत्या माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. भांडतील, डॉक्टरीणबाईंना शिव्या घालतील. मी भांडायची तयारी करून बसले होते. त्या एवढ्या हळू बोलल्या की पवारकाकी पुढं वाकल्या.

“मी दिलो की गं. रोज दिलो. माझ्या हातानं.”

मग म्हणाल्या, “माझी पोरं बी त्याच्यावरच वाढली की. समद्यांना दिलो.” आणि थांबल्या. त्यांची पाच मुलं. त्यातली दोन तान्ही असतानाच गेली होती, गोदा आणि एक मुलगा. गोदा सहा महिन्यांची होऊन गेली, रात्री निजवली ती सकाळी उठली नाही, हे त्या दर वर्षी एकदा तरी सांगायच्या. माझ्याकडं बघत त्या म्हणाल्या —

“शालन, मग माझी गोदा बी...?”

इथं येऊन मी नेहमी थांबते. मनात सांगतानाही. अफूचं खोटं मी रागानं बोलले, गाडीत घोळवून बोलले, ते कसंतरी स्वतःला सांगता येतं. पण आत्यांनी गोदाचं विचारलं तेव्हा माझा राग संपला होता. हवं ते मिळालं होतं मला. त्यांचा चेहरा जसा व्हायला हवा होता त्याहून वाईट झाला होता. मला खरं काय ते ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. मी गप्प बसू शकले असते. “नाही हो आत्या, तसं काही नसतं,” म्हणू शकले असते. पवारकाकींचा कप हातात तसाच होता. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, आणि या वेळी कीव माझ्यासाठी नव्हती.

मी म्हणाले, “असेल.”

आत्या उठल्या आणि मागच्या मोरीत गेल्या. हात धुतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजूला हात लावला नाही. “माझ्या हाताला नगं,” एवढंच म्हणायच्या. उजू जवळ आली की उठून दुसरीकडं जाऊन बसायच्या. सूप त्यांनी माझ्या हातात दिलं. मी पाखडलं. उजू आली, पाठ लावायला वळली, माझी पाठ बघून थांबली आणि परत गेली. मग आत्यांच्या मागं मागं घरभर. त्यांचा पदर धरायची, आत्या सोडवून घ्यायच्या. बोट बोट सोडवायच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत असायचं आणि तरी सोडवायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी उजूनं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. जमिनीवर नव्हे, भिंतीवर. दशम्या मी केल्या, तिनं खाल्ल्या नाहीत. आठवड्यात अंगावरचा झगा सैल झाला.

आणि मला माहीत होतं की औषध काय आहे. ते सुपाच्या पलीकडं, मोरीच्या उंबऱ्यावर, पाठ फिरवून बसलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर हे काय म्हणतील? पवारकाकी काय म्हणतील? आणि त्याच्याही खाली — लपवत नाही आता — वाटायचं, अजून थोडं भोगू दे. मला तीन वर्षं भोगायला लावलं. हिला तीन आठवडे झाले नाहीत अजून.

महिन्याभरानं आत्यांनी बोचकं बांधलं. थोरल्या दिरांना निरोप पाठवून त्या मुरगूडला गेल्या. हे त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले नाहीत. आईशी ते बोलायचेच बंद झाले होते. मीच गेले. गाडीत बसल्यावर खिडकीतून त्या म्हणाल्या, “उजीला केस विंचरताना आधी फणी हातात दे. मग ओरडत न्हाय.” मला ते माहीत नव्हतं. सात वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

पुढचं फार नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला परत बोलावलं होतं, जागा ठेवली होती. पण उजूला सोडून जायचं कुणाजवळ? मी गेले नाही. उजूचं डोकं आपटणं दोन वर्षांनी कमी झालं. शब्द आला नाही. मुंबईला आम्ही परत गेलो नाही. हे म्हणायचे, कारण कळलंय, आता जाऊन काय करायचं? मी म्हणायचे, खरंय.

आत्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधी दिरांचा निरोप आला. मी आणि हे गेलो. हे बाहेर सोप्यात बसले. मी आत गेले. त्यांचा तो आवाज कुठंच राहिला नव्हता. कान तोंडाजवळ न्यावा लागला. त्यांनी उजूचं विचारलं. जेवती का, केस वाढलं का. मग म्हणाल्या, “ती डागदरीन परत काय म्हनली का गं? दुसरं काय कारन निघालं का?”

सात वर्षं झाली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. माझ्या जाऊबाई पाणी आणायला गेल्या होत्या. माझा राग कधीच संपला होता — ते कारण आता सांगता यायचं नाही. पण भिंतीपलीकडं हे बसले होते. त्यांचा खोकला ऐकू येत होता.

मी म्हणाले, “नाही आत्या. तेच म्हणाल्या होत्या.”

त्यांनी मान हलवली. जणू त्यांनाही तेच वाटलं होतं.

माती झाल्यावर जाऊबाईंनी मला सांगितलं, की मुरगूडात आत्यांनी कुठलंही तान्हं मूल कधी मांडीवर घेतलं नाही. नातसुनेचं बाळंतपण घरातच झालं, तेव्हा बारसं होईपर्यंत त्या गोठ्यात निजत होत्या. जाऊबाईंना कारण माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, तिकडं कोल्हापुरात काही झालं होतं का. मी नाही म्हटलं.

उजू आता वीस वर्षांची आहे. माझ्या शेजारी बसते, माझ्या हातचं खाते. ह्यांनी घरात आईचा फोटो लावला नाही. पोरीसमोर नको, म्हणतात. सासऱ्यांचा आहे. दर वर्षी पितृपंधरवड्यात म्हाळाला वडिलांच्या नावानं पान ठेवतात, आईच्या नावानं ठेवत नाहीत. भाऊबंद पहिली एक-दोन वर्षं बोलले, आता बोलत नाहीत. स्वयंपाक मी करते. आळूची भाजी, खीर, वडे, सगळं रीतीनं. परवाच म्हाळ झाला. ह्यांनी विचारलं, “झालं का?” मी म्हटलं, “झालं,” आणि एकच पान वाढलं.